डोंगर उतरायची तयारी

स. न. वि. वि.

मी ४४ वर्षांची. बँकेत नोकरी, घर दांडिया बाजारात. गेली काही वर्षं कमाटीबागेत आणि अकोट्याच्या पुलावर धावते. हाफ मॅरेथॉन बऱ्याच झाल्या, जानेवारीत पहिली फुल मॅरेथॉन ५ तास १० मिनिटांत पूर्ण केली. आता पुण्याच्या मावसबहिणीने डोक्यात भरवलंय की डिसेंबरात मावळातल्या किल्ल्यांवरची ५० किलोमीटरची शर्यत दोघींनी करायची. चढ सगळा मिळून २००० मीटर, मुदत १२ तास. बडोद्यात डोंगर कुठून आणू? सासूबाई म्हणतात, गुडघे जातील. नवरा काही बोलत नाही, पण रविवारी सकाळी मी घरात नसते ते त्याच्या चेहऱ्यावर दिसतं. मुलगा बारावीला आहे. हे खूळ डोक्यातून काढून टाकू का? आणि नाही टाकलं, तर सुरुवात कुठून करू?

— एक वाचक, दांडिया बाजार, बडोदे

प्रिय दांडियाबाजारकर,

काढून टाकू नका. पाच तास दहा मिनिटं पायांवर टिकलेल्या बाईला सहा महिन्यांत हे जमू शकतं. कुठल्या अटीवर, ते पुढे सांगते. त्याआधी एक गोष्ट. तुमच्या पत्रात चढ आहे, डोंगर आहे, गुडघे आहेत; उतार कुठेच नाही. अशा शर्यतींबद्दल मला विचारणारे जवळजवळ सगळे चढाचीच चौकशी करतात. चढ दमवतो, पण थोडं थांबलं की दम परत येतो. माणसाला अर्ध्या वाटेवरून गाडीत बसवून परत पाठवतो तो बहुतेक वेळा उतार.

आधी हिशोब मांडू. १८९२ साली विल्यम नाइस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने डोंगरातल्या चालीचा एक ठोकताळा दिला, तो आजही वापरतात. सपाटीला तासाला पाच किलोमीटर धरायचे आणि चढाच्या दर सहाशे मीटरला एक तास वाढवायचा. तुमच्या शर्यतीला लावून पाहा: पन्नास किलोमीटरचे दहा तास, दोन हजार मीटरचे तीन तास वीस मिनिटं, एकूण १३ तास २० मिनिटं. मुदत बारा तासांची. त्यात पाणी भरणं, बुटातला खडा काढणं, दोन घास खाणं धरलं तर सुमारे दोन तास कुठून तरी वाचवायला हवेत. ते चढावर वाचत नाहीत. उभ्या चढावर जगातले अव्वल धावपटूसुद्धा मांडीवर हात रोवून चालतात. तिथे धावून तुम्ही पाच मिनिटं कमवाल आणि पुढच्या तासात वीस घालवाल. वेळ वाचतो सपाटीवरच्या आणि सौम्य उतारावरच्या दुडक्या चालीत, तोही शेवटच्या पंधरा किलोमीटरांपर्यंत मांड्या शाबूत राहिल्या तर.

मांड्यांचं काय होतं ते समजून घ्या, कारण सगळी तयारी त्यावर उभी आहे. चढताना मांडीचा पुढचा स्नायू आखडतो आणि शरीर वर उचलतो. उतरताना तोच स्नायू आखडलेला असतानाच ताणला जातो, कारण प्रत्येक पावलाला त्याला तुमचं वजन अडवून धरायचं असतं. या ओढाताणीत स्नायूच्या तंतूंना बारीक इजा होते. उतरताना फारसा दम लागत नाही, म्हणून त्या वेळी काही कळत नाही. कळतं ते पुढच्या चढाच्या पायथ्याशी, पाय लटपटायला लागल्यावर. ठणका तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. पण हे स्नायू फार पटकन शिकतात. एकदा चांगला लांब उतार पायांखालून गेला की पुढचे काही आठवडे तसल्याच उताराने होणारी इजा बरीच कमी होते. म्हणून दर आठवड्याला डोंगर लागत नाही. पंधरा दिवसांनी एकदा मिळाला तरी पुरतो.

आणि तो तुमच्याजवळ आहे. बडोदं समुद्रसपाटीपासून चाळीसेक मीटरवर, शहरात उतार म्हणावा तर उड्डाणपुलांचा. पण पन्नास किलोमीटरच्या आत पावागड उभा आहे. चांपानेरच्या पायथ्यापासून कालिकामातेच्या देवळापर्यंत सहाशे मीटरांच्या आसपास चढ होतो. म्हणजे सव्वातीन पावागड चढून उतरलात की चढाच्या हिशोबाने तुमची शर्यत झाली. आपल्याकडे लोक पायऱ्या चढून दर्शन घेतात आणि पाय भरून आले म्हणून उडनखटोल्यात, म्हणजे रोपवेत, बसून डोंगराच्या मधल्या टप्प्यावरच्या माचीला उतरतात. पहिल्या एक-दोन खेपांना तुम्ही बरोबर उलटं करा. माचीहून उडनखटोल्याने वर जा, पायऱ्यांनी खाली या, पुन्हा वर जा, पुन्हा खाली या. दम न घालवता नुसता उतार पायांत मुरवायची अशी सोय पुण्यातल्या धावपटूंनाही सिंहगडावर नाही. त्यानंतरच्या खेपांना मात्र पायथ्यापासून चालत वर आणि चालत-धावत खाली. नवरात्रात तिकडे फिरकू नका, आश्विनातही नाही आणि चैत्रातही नाही. रविवार आणि पौर्णिमाही टाळा. पायऱ्या भाविकांच्या आहेत, म्हाताऱ्या माणसांच्या अंगावरून धावत उतरणं बरं दिसत नाही आणि धोक्याचंही आहे.

मग जायचं कधी? बँकेला दुसरा आणि चौथा शनिवार सुट्टी असते. महिन्यातून दोनदा, पंधरा दिवसांच्या अंतराने, स्नायूंना हवं तेच वेळापत्रक तुम्हाला नोकरीनेच दिलंय. डोंगर त्या शनिवारी करा आणि रविवार घराला द्या. रविवारी पहाटे तास-सव्वा तास थकल्या पायांनी हळूहळू धावून साडेसातला घरी यायचं. थकलेल्या पायांनी धावायची सवय हवीच असते, ती तेवढ्यात होते.

सध्या पाऊस आहे. पायऱ्या शेवाळलेल्या असतात, तेव्हा सप्टेंबरपर्यंत जिना वापरा. दहा मजल्यांची इमारत म्हणजे साधारण तीस मीटर. वीस वेळा चढ-उतर केलीत की एक पावागड. सुरुवात पाच वेळांपासून करा. खाली येताना लिफ्ट नको. जिन्यातला अर्धा फायदा उतरण्यातच आहे. वॉचमनला आणि सोसायटीच्या चिटणिसांना आधी सांगून ठेवा, नाहीतर पहिल्याच पहाटे चौकशी व्हायची.

उतरायचं कसं, हे अंगात भिनायला वेळ लागतो. भीतीने आपण मागे कलतो आणि टाचेवर जोर देतो. मग टाच सटकते आणि झटका थेट गुडघ्यात बसतो. पावलं आखूड आणि भरभर टाका, गुडघा किंचित वाकलेला ठेवा, वजन पावलांच्या वर येऊ द्या. नजर बुटांवर नको, तीन-चार पावलं पुढे ठेवा. हात अंगाला चिकटवू नका, तोल तेच सांभाळतात. घरी आठवड्यातून दोनदा वीस मिनिटं काढा: एका पायावर पायरीवर उभं राहून दुसरा पाय हळूहळू, चार आकडे मोजत, खालच्या पायरीला टेकवायचा आणि परत वर घ्यायचा. उठाबशा आणि टाचा उचलणं जोडीला. घोट्यांसाठी रोज दात घासताना एका पायावर उभ्या राहा, अर्धा वेळ डावा, अर्धा वेळ उजवा. जमलं की डोळे मिटून. पहिल्या आठवड्यात बेसिन धरावं लागेल.

आठवड्यातले बाकीचे दिवस साधेच. तीन वेळा कमाटीबागेत किंवा पुलावर तास-तास, बोलता येईल इतक्याच वेगाने. पुलाच्या चढावर मुद्दाम झपझप चालायचा सरावही करा. धावणाऱ्यांना चालायची लाज वाटते, आणि डोंगरात न शिकलेली चालच महाग पडते. पहाटे अंधारात एकट्या नको, सोबत कुणीतरी असू द्या. किलोमीटर मोजणं सोडून तास मोजायला लागा. लांब दिवस अडीच तासांपासून सुरू करून ऑक्टोबरपर्यंत सहा तासांवर न्या, आणि दर चौथा आठवडा निम्मा करा. विश्रांतीच्या आठवड्यात मन चुळबुळ करेल, तरी वाढवू नका. शर्यतीआधीचा शेवटचा मोठा उतार तीन आठवडे अगोदर उरकायचा.

पावागडाच्या पायऱ्या घट्ट आहेत, मावळातल्या वाटा तशा नाहीत. डिसेंबरात तिथलं गवत वाळलेलं असतं आणि त्याखाली घसारा, म्हणजे सुट्टा मुरूम आणि बारीक खडे. पाय ठेवला की वीतभर सरकतो आणि मग थांबतो. तो सरकू द्यायचा. घाबरून आवरायला गेलात की बसकण मारता. म्हणून नोव्हेंबरात एकदा पुण्याला जाऊन मावसबहिणीबरोबर राजगड ते तोरणा ही वाट करा. राजगडाच्या संजीवनी माचीकडून उतरून डोंगरधारेने तोरण्याच्या बुधला माचीवर चढता येतं. वाट माहीत असलेलं कुणीतरी बरोबर हवंच. तोरणा १,४०३ मीटर, पुणे जिल्ह्यातला सर्वांत उंच किल्ला. तो दिवस भरभर जायचा नाही. शर्यतीचेच बूट, तीच पाठपिशवी, तेच खाणं घेऊन जा आणि काय टोचतं, काय घासतं ते बघा. बूट खोल दातऱ्यांच्या तळव्याचे आणि अंगठ्यापुढे बोटभर जागा असलेले घ्या. उतारावर बोटं पुढे आपटतात आणि नखं काळी पडतात, तेव्हा नखंही आधीच कापून ठेवा.

आता खाणं. यात मी तुमचा जास्त वेळ घेणार आहे, कारण चांगली तयारी केलेली माणसंही पोटामुळे बाहेर पडतात. स्नायूंत आणि यकृतात साठवलेली साखर मिळून साधारण दोन हजार कॅलरी होतात. बारा तासांना ती कुठेच पुरत नाही. तेव्हा पहिल्या तासापासून, भूक नसताना, दर तासाला चाळीस ते साठ ग्रॅम कर्बोदकं पोटात गेली पाहिजेत. त्यासाठी महागड्या जेलच्या पुड्याच हव्यात असं नाही. चार-पाच खजूर म्हणजे पंचवीस-तीस ग्रॅम. मीठ लावलेला मध्यम उकडलेला बटाटाही तेवढाच. दहा ग्रॅमचा गुळाचा खडा जवळजवळ सगळाच साखर. राजगिऱ्याची वडीही चालते. खाखरा कोरडा पडतो, तोंडाला पाणी सुटायचं बंद झालं की घशाखाली उतरत नाही. भाकरवडी आणि लीलो चेवडो कितीही आवडत असला तरी त्या दिवशी नको, तेलकट खाणं पोटात तासन् तास बसून राहतं. गोडाचा पाचव्या-सहाव्या तासाला वीट येतो, म्हणून खारट पर्याय जवळ हवाच. आणि पोटालाही सराव लागतो. प्रत्येक लांब शनिवारी घड्याळ लावून खा. पहिल्यांदा मळमळेल, चौथ्या-पाचव्या खेपेला पोट सरावेल.

पाण्याबद्दल दोन टोकं सांभाळायची. कमी प्यायल्याचा त्रास सगळ्यांना ठाऊक असतो. जास्त प्यायल्याचा धोका फारसा कुणी सांगत नाही. नुसतं पाणी ढोसत राहिलं की रक्तातलं सोडियम पातळ होतं, आणि ते जिवावर बेतू शकतं. २००२ च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं, तर १३ टक्क्यांचं सोडियम कमी निघालं. शर्यतीत वजन वाढलेल्यांमध्ये, म्हणजे घामापेक्षा जास्त पाणी प्यायलेल्यांमध्ये, ते विशेष होतं. म्हणून तहानेप्रमाणे प्या. तुमचा घाम किती ते घरीच काढता येतं. धावायच्या आधी आणि तासाभराने धावून आल्यावर अंग पुसून वजन करा. सातशे ग्रॅम घटलं आणि मधे तीनशे मिली प्यायला असाल, तर घाम तासाला एक लिटर. हे आता जुलैत करा आणि डिसेंबरात थंडीत पुन्हा करा, दोन्ही आकड्यांत बराच फरक पडेल. ओआरएसची मोठी पुडी एक लिटर पाण्यासाठी असते, ती अर्ध्या लिटरच्या बाटलीत ओतू नका. धावताना अंगठी घट्ट व्हायला लागली, बोटं सुजली, डोकं ठणकून उलटी होऊ लागली, तर पाणी थांबवा आणि वैद्यकीय मदत गाठा.

वेदनाशामक गोळी शर्यतीत घेऊ नका. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा कमी करतात, आणि तुमचं मूत्रपिंड त्या दिवशी आधीच घाम आणि फाटलेल्या स्नायूंचा कचरा यांच्या कचाट्यात असतं. लघवी काळ्या चहासारखी झाली तर वाट न पाहता रुग्णालयात जायचं, शर्यतीच्या दुसऱ्या दिवशी झाली तरीही.

सासूबाईंच्या गुडघ्यांच्या काळजीला उत्तर आहे. गुडघ्याच्या आणि खुब्याच्या संधिवाताबद्दल अनेक अभ्यास एकत्र करून २०१७ साली एक आढावा प्रसिद्ध झाला. हौशी धावपटूंमध्ये प्रमाण साडेतीन टक्के होतं, न धावणाऱ्या बैठ्या माणसांमध्ये दहा टक्क्यांच्या वर, आणि व्यावसायिक पातळीवर धावणाऱ्यांमध्ये तेरा टक्क्यांच्या वर. तुम्ही हौशी आहात आणि हौशीच राहणार आहात. त्यांना हे आकडे जरूर दाखवा. पण त्यांची काळजी पूर्ण झटकूही नका. उतरताना गुडघा एका बाजूला टोचत असेल, सूज येत असेल, तर तो आठवडा डोंगर बंद. आणि चव्वेचाळिसाव्या वर्षी तयारीच्या आधी डॉक्टरांकडे जाणं ही माझी अटच आहे. रक्तदाब, ईसीजी, हिमोग्लोबिन, फेरिटिन, आणि शाकाहारी असाल तर बी-१२. फेरिटिन आवर्जून सांगते. पाळीत जास्त रक्त जाणाऱ्या बायकांचं हिमोग्लोबिन ठीक दिसतं आणि लोहाचा साठा मात्र तळाला गेलेला असतो. मग त्या सहा महिने "वय झालं" म्हणून स्वतःला दोष देत धावत राहतात. घरात कुणाला कमी वयात हृदयविकार झाला असेल तर तेही सांगा. ट्रेडमिलवरची तपासणी हवी की नको, ते डॉक्टर ठरवतील.

घरचं. नवऱ्याचा चेहरा वाचत बसण्यापेक्षा त्याला विचारा. शनिवारचे दिवस आत्ताच भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून टाका, म्हणजे दर वेळी परवानगीचा प्रसंग येणार नाही. मुलाची बोर्डाची परीक्षा शर्यतीनंतर दोन-अडीच महिन्यांनी आहे. आई पहाटे साडेचारला उठते आणि सहा महिने एका गोष्टीमागे लागते, हे बारावीच्या मुलाने बघण्यात मला तरी नुकसान दिसत नाही. पण त्याची प्रिलिम असेल तो आठवडा तुमचा हलका आठवडा करा.

आता ती अट. आश्विनातलं नवरात्र उरकलं की एक शनिवार आणि त्याला लागून एकच रविवार घरच्यांकडून मागून घ्या. शनिवारी पावागड पायथ्यापासून दोनदा, रविवारी एकदा (रविवार टाळायचा नियम एवढ्या एका वेळी सोडा, पण गर्दीत जपून उतरा). सगळं खाणंपिणं ठरवल्याप्रमाणे. मग सोमवारी बँकेत जा. जिना कठडा न धरता उतरता आला, तर पन्नास किलोमीटरला उभ्या राहा. कठडा धरावा लागला तर यंदा पंचवीसची शर्यत करा आणि पन्नास पुढच्या वर्षी. नोंदणी करतानाच आयोजकांना विचारून ठेवा की अंतर कमी करून मिळतं का आणि कुठल्या तारखेपर्यंत. पुण्यात मावसबहिणीला काय वाटेल हा प्रश्न त्या सोमवारी मधे आणू नका.

शर्यतीच्या पिशवीत डोक्यावरची विजेरी, वाऱ्याला अडवणारं जाकीट, शिट्टी आणि चंदेरी आपत्कालीन पांघरूण असू द्या, आयोजकांनी सक्ती केली नसली तरी. २२ मे २०२१ रोजी चीनच्या गान्सू प्रांतात शंभर किलोमीटरच्या डोंगरी शर्यतीत अचानक गारा, गोठवणारा पाऊस आणि वादळी वारा आला, आणि २१ धावपटू थंडीने गेले. बरेच जण अर्ध्या चड्डीत आणि पातळ सदऱ्यात होते. मावळातला डिसेंबर तेवढा क्रूर नाही. पण घामाने भिजलेल्या अंगाने, पाय मुरगळून, माचीवरच्या वाऱ्यात तासभर मदतीची वाट पाहावी लागली तर ते जाकीटच कामी येतं.

पस्तिसाव्या किलोमीटरच्या आसपास तुम्हाला सोडून द्यावंसं वाटेल. बसलेल्या अवस्थेत निर्णय घेऊ नका. काहीतरी खारट खा, पाणी प्या, वीस मिनिटं हळू चाला, मग ठरवा. बहुतेक वेळा ती भूकच असते. मात्र छातीत दुखणं, चक्कर येऊन दिशा न कळणं, पोटात काहीच न टिकणं, पाय टेकवता न येणं, यांतलं काही झालं तर चाल-ढकल नको. तिथल्या तिथे स्वयंसेवकाला सांगा आणि मावसबहिणीसाठी सुद्धा पुढे रेटू नका.

त्याच रात्रीची परतीची गाडी पकडू नका. पुण्यात एक रात्र मुक्काम करा, पोटभर आमटी-भात जेवा, दुसऱ्या दिवशी थोडं चालून मग निघा. तिकीट आजच काढणार असाल तर खालच्या बर्थचं काढा, आणि दुसऱ्या दिवसाची रजाही टाकून ठेवा.